नांगराच्या दोराचा पीळ कसा जाईल?

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण माणसांच्या स्वभावाबद्दल म्हणतो. ज्यांची स्वतःची लहान शिडाची होडी किंवा मोटरबोट आहे, त्यांना मात्र या म्हणीचा शब्दशः अनुभव येतो. हौसेने घेतलेली बोट, निवडून आणलेला नांगर, महागडा दोर, सारे जागच्या जागी असते. आणि नेमक्या घाईच्या वेळी दोराला असे काही वेढे पडलेले असतात की नांगर ना धड खाली जातो, ना धड वर येतो.

मुंबईच्या समुद्रात हा प्रसंग काल्पनिक नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत गेटवे ऑफ इंडियासमोरच्या पाण्यात शिडाच्या होड्यांचा हंगाम असतो. सुटीच्या दिवशी अनेक बोटी मांडव्याच्या किंवा किहीमच्या दिशेने जातात, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नांगर टाकतात आणि मंडळी जेवणखाणात रमतात. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर वायव्येकडून वारा वाढू लागला की हाच किनारा वाऱ्याच्या पुढ्यात येतो. अशा वेळी नांगर चटकन उचलून बाहेर पडणे किंवा आणखी दोर सोडून बोट धरून ठेवणे, हे दोनच मार्ग उरतात. पिळलेला दोर या दोन्ही मार्गांवर आडवा येतो. इंजिन बंद पडले आणि नांगर तातडीने टाकायची वेळ आली, तर कप्प्यातून दोराऐवजी दोराचा गोळा बाहेर येतो. तो सोडवण्याच्या धडपडीत बोटे किंवा पाऊल दोराच्या फासात सापडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

पीळ म्हटला की तो समुद्राने घातला, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खोटा नाही. पण खरा दोष बहुतेक वेळा बोटीवरच्या हातांचा असतो.

समुद्राचे दोन, हाताचे चाळीस

आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. प्रवाह उलटला की नांगरलेली बोटही तोंड फिरवते. भरतीला एका बाजूने आणि ओहोटीला त्याच बाजूने परत आली, तर हिशेब चुकता होतो. पण दुपारचा वारा एकाच दिशेने रेटत असेल, तर बोट दरवेळी त्याच अंगाने वळून पूर्ण वर्तुळ काढू शकते. चिखलात रुतलेला नांगर फिरत नाही. त्यामुळे प्रत्येक वर्तुळामागे दोराला एक पीळ बसतो. अगदी वाईट स्थिती धरली तरी दिवसाला असे दोन पीळ होतील. साठ मीटर दोरात दोन पीळ शोधूनही सापडणार नाहीत.

आता हाताचा हिशेब पाहू. नांगर वर घेतल्यावर दोर धुतला, सुटे टोक हातात धरून गोल गुंडाळला आणि कप्प्यात ठेवला, असे अनेक जण करतात. दोर गोल गुंडाळताना प्रत्येक वेटोळ्यामागे तो स्वतःभोवती एकदा फिरतो. टोक सुटे असल्यामुळे हा फेरा त्या टोकातून निसटून जातो आणि गुंडाळी मोठी सुबक दिसते. पुढच्या वेळी एक टोक बोटीला आणि दुसरे नांगराला बांधून तोच दोर सरळ ओढला, की प्रत्येक वेटोळे उलगडताना एक पूर्ण पीळ परत येतो. बागेतला किंवा गच्चीवरचा पाण्याचा पाइप नेमका याच कारणाने गुंतून पाणी अडवतो. दीड मीटर घेराची वेटोळी धरली, तर साठ मीटर दोरात चाळीस वेटोळी होतात. म्हणजे समुद्र दिवसभरात जे दोन पीळ घालील, त्याच्या वीसपट पीळ हात पाच मिनिटांत घालून मोकळे होतात.

यातच या प्रश्नाचे सूत्र दडलेले आहे. दोन्ही टोके बांधलेल्या दोरातला पीळ आपोआप कधीच नाहीसा होत नाही. तो दोरात इकडून तिकडे सरकतो, एखाद्या ठिकाणी गोळा होतो आणि शेवटी फास बनून उसळतो. त्याला बाहेर पडायला एक मोकळे टोक लागते. म्हणून पीळ आत शिरू न देणे आणि शिरलेल्याला वाट करून देणे, एवढ्या दोनच गोष्टी साधायच्या आहेत.

साठ मीटर दोर कशासाठी, असाही प्रश्न पडेल. नांगर धरतो तो दोराच्या आडव्या ओढीवर. दोर जितका उभा, तितका नांगर उपटला जाण्याचा संभव अधिक. म्हणून दोर वापरत असल्यास खोलीच्या सातपट, आणि सगळी साखळी असल्यास किमान पाचपट लांबी सोडावी, असा संकेत आहे. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो. ओहोटीला चार मीटर पाणी, त्यावर भरतीचे चार मीटर आणि पाण्यापासून बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची एक मीटर धरली, तर एकूण नऊ मीटर होतात. त्याची सातपट म्हणजे ६३ मीटर. एवढा लांब दोर दर आठवड्याला आत-बाहेर होत असेल, तर तो कसा ठेवला जातो हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

दोराची घडणच निराळी

सगळे दोर सारखे पिळत नाहीत. पूर्वी काथ्याचे दोर असत, आता नायलॉनचे आले. पण तीन पेड एकमेकांभोवती वळून केलेल्या दोराची रीत तीच राहिली. यात तंतू एका दिशेने वळून सूत, सूत उलट दिशेने वळून पेड आणि पेड पुन्हा उलट दिशेने वळून दोर तयार होतो. या परस्परविरोधी वळणांच्या तोलावर दोर उभा असतो. त्यावर ताण आला की तो किंचित उलगडू पाहतो, ताण गेला की पुन्हा वळतो. बाहेरून पडलेला पीळ हा तोल बिघडवतो. पीळ दोराच्या वळणाच्या दिशेने असेल तर दोर आखडतो आणि फास उसळतात. उलट दिशेने असेल तर पेड सैल होतात आणि एखादा पेड कुबडासारखा बाहेर येतो. असे कुबड जोराने ओढून सपाट केले तरी आतले तंतू दुखावलेले असतात. त्या ठिकाणी दोराची ताकद बरीच घटते आणि वादळी वाऱ्यात तो तेथेच तुटतो.

यावर आठ पेडी विणीचा दोर हा चांगला पर्याय आहे. त्यातले चार पेड एका दिशेने आणि चार उलट दिशेने वळलेले असतात. दोन्ही वळणे एकमेकांना छेद देत असल्याने ताण आला तरी हा दोर स्वतःहून फिरत नाही. तो मऊ असतो, लहान कप्प्यात कसाही सोडला तरी सहज बसतो. तीन पेडी दोरापेक्षा किंमत जास्त पडते. मात्र कप्पा लहान आणि बोट वरचेवर नांगरली जात असेल, तर ती वसूल होते. बाहेर जाळीची वेणी आणि आत दुसरी वेणी असलेला दोरही कमी पिळतो. पण समुद्रतळाच्या घर्षणाने त्याची बाहेरची वेणी झिजते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नायलॉनचा मोठा गुण म्हणजे तो ताणला जातो आणि लाटांचे हिसके सोसतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त मिळतो, परंतु तो पाण्यावर तरंगतो. बोट फिरली की त्याची वेटोळी पृष्ठभागावर पसरतात आणि आपल्या किंवा शेजारच्या बोटीच्या पंख्यात अडकतात. नांगरासाठी तो टाळलेलाच बरा.

नवा दोर घरी आणतानाच निम्मी चूक होते. रिळावरचा दोर रिळाच्या तोंडावरून उपसला, तर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो. रीळ एखाद्या नळीवर आडवे अडकवून फिरू द्यावे आणि दोर सरळ ओढून घ्यावा, म्हणजे दोर पहिल्या दिवसापासून निर्मळ राहतो.

गुंडाळू नका, सोडत चला

नांगराचा दोर कप्प्यात ठेवण्याची सर्वांत चांगली पद्धत दिसायला सर्वांत अव्यवस्थित आहे. दोर जसा वर येईल तसा हाताने कप्प्यात सोडत जायचे. तो आपल्या वजनाने डावी-उजवीकडे पडत जातो. जो भाग शेवटी आत गेला तो वर राहतो आणि पुढच्या वेळी तोच आधी बाहेर निघतो. कप्पा नसेल तर बादली किंवा टोपली चालते. डेकवर ठेवायचा असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मांडणी करावी. आठच्या एका पोटात पडलेला फेरा दुसऱ्या पोटात उलटा फिरतो आणि दोन्ही मिळून शून्य होतात.

तीन पेडी दोर गोलच गुंडाळायचा असेल, तर नेहमीच्या उजव्या वळणाचा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावा. उलट दिशेने गुंडाळल्यास पेडांची वळणे झुंजू लागतात.

दोराचे आतले टोक बोटीला भक्कम जागी बांधलेले असलेच पाहिजे. नाहीतर सगळा दोर नांगरासकट समुद्रार्पण होतो. सगळी साखळी असेल, तर तिचे शेवटचे टोक थेट कडीला न जोडता मजबूत दोरीने बांधावे. सर्व सोडून पळ काढण्याची वेळ आली, तर दोरी सुरीने कापता येते. साखळी कापता येत नाही.

नांगर उचलण्याचे विंच असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. विंचच्या ढोलावर दोराचे तीन-चार वेढे नेहमी एकाच दिशेने घेतले जातात आणि तीन पेडी दोरात त्यातून पीळ पुढे ढकलला जातो. साखळीसाठी खाचांचे चाक असते. साखळीला पीळ असेल तर कड्या त्या खाचांत बसत नाहीत. त्या उसळतात, घसरतात आणि कधी साखळी चाकातच अडकते.

फिरत्या कडीचे गुण-दोष

नांगर चिखलातून सुटल्यावर वर येताना गरगर फिरतो. त्याच्या एका पात्याला चिखल जास्त चिकटलेला असतो, पाण्याचा प्रवाह त्याला वळवतो आणि बोट पुढे चालत असेल तर हे फिरणे वाढते. म्हणून नांगर पाण्यात लटकत असताना बोट जवळजवळ थांबलेली असावी, हा पहिला उपाय. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा उपाय म्हणून अनेक जण नांगर आणि साखळी यांच्यामध्ये फिरती कडी बसवतात. ती पीळ बाहेर सोडते, हे खरे. पण तिच्यावर आंधळा विश्वास टाकू नये. मोठा ताण असताना घर्षणामुळे ती फारशी फिरत नाही. ताण कमी झाल्यावरच फिरते. शिवाय प्रवाह बदलल्यावर ओढ आडवी आली, तर काही प्रकारच्या कड्यांच्या जबड्यांवर तिरका भार पडतो आणि त्या वाकतात किंवा फुटतात. त्यासाठी फिरती कडी नांगराला थेट न जोडता मध्ये साखळीचे दोन-चार दुवे ठेवावेत आणि कडी साखळीपेक्षा कमी ताकदीची नसावी. तीन पेडी दोराला तर फिरती कडी थेट कधीच जोडू नये. ताणाखाली दोर स्वतःहून उलगडू पाहतो आणि कडी त्याला मोकळी वाट देते. मग पीळ जाण्याऐवजी दोराची घडणच सैल होते. नांगराजवळ किमान पाच-सहा मीटर साखळी आणि मग दोर, ही रचना लहान बोटींना पुष्कळ पुरते.

ही साखळी आणखी एका कारणासाठी हवी. प्रवाह उलटताना दोर ढिला पडतो. हलका दोर तळावर लोळत नांगराच्या दांड्याला किंवा वर राहिलेल्या पात्याला वेढा घालतो आणि ताण आला की नांगर उपटून काढतो. खलाशांना ही अवकळा इतकी जुनी ओळखीची आहे की दोराने वेढलेला नांगर हे ब्रिटिश नौदल प्रशासनाचे चिन्हच बनले. भारतीय नौदलाच्या बोधचिन्हातही तो होता. २०२२ साली वसाहतकालीन खूण म्हणून त्यातला वेढा काढण्यात आला आणि त्याजागी मोकळा नांगर आला.

दोन नांगरांचा पेच

अरुंद खाडीत बोटीला फिरायला जागा नसते. तेथे एक नांगर भरतीच्या दिशेला आणि दुसरा ओहोटीच्या दिशेला टाकून बोट मध्ये ठेवण्याची पद्धत आहे. पण येथे मात्र समुद्र खरोखरच पीळ घालतो. बोट दरवेळी एकाच अंगाने वळली, तर दोन दोर एकमेकांना वेढत जातात. जुन्या शिडाच्या जहाजांवर अर्ध्या फेरीपासून पुढच्या प्रत्येक वेढ्याला स्वतंत्र नाव होते आणि वेढे सोडवणे हे नित्याचे काम होते.

यावर साधा उपाय म्हणजे लक्ष ठेवणे. प्रवाह थांबून उलटण्याच्या वेळी सुकाणू आणि इंजिनाचा हलका धक्का देऊन बोट मागच्या वेळेच्या उलट अंगाने वळवावी. तरीही वेढा पडलाच, तर ज्या दोरावर ताण नाही तो बोटीवरून सोडून ताठ दोराभोवती उलट फिरवून घ्यावा. ताण असलेल्या दोराला अशा वेळी हातही लावू नये. मुक्काम लांबणार असेल तर दोन्ही नांगर पाण्याखाली एका फिरत्या कडीला जोडून तेथून एकच साखळी बोटीवर आणणे चांगले. बंदरातल्या कायमच्या बोयांखालीही याच कारणासाठी फिरती कडी असते.

पडलेला पीळ काढताना

इतके करूनही काही पीळ राहतोच. तो काढण्याची युक्ती म्हणजे दोराला मोकळे टोक देणे. वर्दळीपासून दूर, मोकळ्या पाण्यात नांगर आणि साखळी काढून ठेवावी, दोर बोटीच्या मागे सोडावा आणि काही वेळ संथ गतीने ओढत न्यावा. पाण्याच्या ओढीने दोर स्वतःभोवती फिरत पीळ सोडून देतो. हे काम शिडावर करता आले तर उत्तम. इंजिनावर केल्यास दोर आत घेताना पंखा थांबलेलाच असला पाहिजे. साखळीचा पीळ काढायचा तर खोल पाण्यात नांगराविना साखळी खाली लोंबकळू द्यावी; कड्या आपल्या वजनाने सरळ होतात.

मुंबई बंदराच्या तळाशी मऊ चिखल आहे. तो पेडांत शिरतो, मीठ सुकते, दोर कडक होतो आणि कडक दोर अधिक गुंततो. म्हणून गोड्या पाण्याने धुणे हाही पीळ टाळण्याचाच भाग आहे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढल्या जातात, तेव्हा दोर पूर्ण बाहेर काढावा, धुवावा, जमिनीवर सरळ पसरावा आणि हाताने चाचपत त्याची तपासणी करावी. जेथे पेड कुबडासारखा आला असेल तेथे दोर बाद समजावा. झिजलेले टोक आत आणि चांगले टोक बाहेर, अशी अदलाबदल केली की दोराचे आयुष्य वाढते.

बोट घेताना इंजिन, शिडे, रंग यांची चर्चा तासन्‌तास होते. नांगराचा दोर मात्र अंधाऱ्या कप्प्यात पडून राहतो. बाकी सारे बंद पडते त्या घटकेला बोट आणि खडक यांच्यामध्ये तो एकटाच असतो. सुंभाचा पीळ जळूनही जात नाही, हे खरे. पण तो पडण्याआधी हात आवरले, तर जाळण्याची वेळही येत नाही.

थोडक्यात

– दोर गोल गुंडाळू नका. कप्प्यात मोकळा सोडा किंवा आठच्या आकड्यात मांडा.
– रिळावरचा नवा दोर रीळ फिरवून काढा, तोंडावरून उपसू नका.
– नांगर पाण्यात लटकत असताना बोट चालवू नका.
– नांगराजवळ किमान पाच-सहा मीटर साखळी ठेवा. तीन पेडी दोराला फिरती कडी थेट जोडू नका.
– दोन नांगर टाकल्यास बोट कोणत्या अंगाने वळली याची नोंद ठेवा.
– हंगामाच्या शेवटी दोर धुवा, सरळ करा, तपासा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून कधीही उभे राहू नका.